विल करायचंय, पण घरात कळायला नको

मागच्या अंकात प्रॉपर्टीवर दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात टपालात आणि ईमेलवर निम्मी पत्रं विलचीच आलीयत. त्यातली चार घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण त्या पत्रात सगळंच आलंय म्हणून लांबलंय.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी 71 वर्षांची, महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. गोरेगाव पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, 1994 साली मी आणि मिस्टरांनी दोघांच्या नावावर घेतला, निम्मे पैसे माझे, फंडातून कर्ज काढलं होतं. मिस्टर 2016 ला गेले, विल वगैरे काही केलं नव्हतं. सोसायटीत नॉमिनी मी होते त्यामुळे शेअर सर्टिफिकेट आता माझ्या एकटीच्या नावावर आहे. दोन मुलगे, एक ठाण्याला एक बंगलोरला, दोघांची आपापली घरं आहेत. मुलगी लग्न मोडल्यावर परत आली, नोकरी साधीच, गेली अकरा वर्षं मला तीच बघते. घर तिला द्यायचंय. पण मी जिवंत असेपर्यंत मुलांना कळू द्यायचं नाही, गणपतीला सगळे एकत्र येतात तेवढं तरी टिकू दे. शेजारचे म्हणतात शंभरच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करा आणि नोटरी करून घ्या, पक्कंही होतं आणि कुणाला कळतही नाही. नोटरी ते वाचतो का? साक्षीदारांना सगळं सांगावं लागतं का? आणि रजिस्टर केलं तर मुलांना नोटीस जाते असं ऐकलं, ते खरं का?
(एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : बाई (तुम्ही शाळेतल्या, म्हणून बाईच म्हणते), शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगून टाकते म्हणजे आज झोप तरी लागेल. नोटीस जात नाही, मुलांना नाही, सुनांना नाही, सोसायटीलाही नाही. ही नोटिशीची अफवा कुठून आली तेही माहितीये मला, माणूस गेल्यावर कुणी कोर्टात प्रोबेटला (म्हणजे विल खरं आहे असा कोर्टाचा शिक्का घ्यायला) गेलं की वारसांना नोटिसा निघतात, ती गोष्ट लोकांनी उचलून विल करण्याच्या दिवसाला चिकटवली.

आता तुम्ही न विचारलेलं. शेअर सर्टिफिकेट तुमच्या एकटीच्या नावावर आहे म्हणून घर अख्खं तुमचं झालं असं तुम्ही धरून चालल्या आहात, आणि इथेच घोळ आहे. नॉमिनी म्हणजे मालक नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीनं कुणाशी पत्रव्यवहार करायचा, मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावानं काढायचं, तो माणूस. एलआयसीच्या पॉलिसीबद्दल सुप्रीम कोर्टानं हे 1983 सालीच सांगितलंय, 2023 च्या डिसेंबरमध्ये शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलं, आणि आपल्या सहकारी कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाल्यापासून तर वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घेतात. तरी मुंबईत दर दुसऱ्या घरात सर्टिफिकेट दाखवून सांगतात की बघा, नाव माझं आहे.

तुमच्या घराचा हिशोब आपण आण्यांत करू. घर सोळा आण्यांचं. निम्मे पैसे तुमचे आणि नाव दोघांचं, म्हणून आठ आणे मुळात तुमचे, आठ मिस्टरांचे. मिस्टर विल न करता गेले (त्यांची आई त्यांच्या आधीच गेली असणार असं धरतेय), म्हणजे त्यांचे आठ आणे तुम्ही आणि तीन मुलं अशा चौघांत सारखे, प्रत्येकाला दोन. म्हणजे तुमचे झाले दहा आणे. विलमध्ये तुम्ही एवढंच देऊ शकता, दहा. मुलीचे स्वतःचे दोन आहेतच, दहा आले की तिचे बारा होतील, आणि दोन्ही मुलग्यांचे दोन-दोन आणे तुम्ही काहीही लिहिलं तरी त्यांचेच राहणार. ‘माझा संपूर्ण फ्लॅट मी माझ्या मुलीस देते’ असं टाइप करून ठेवलंत तर तुमच्यामागे त्या चार आण्यांवरून भांडण सुरू होईल आणि मग बाकीच्या दहा आण्यांवरही चिखल उडेल. मुलग्यांकडून आत्ताच हक्कसोडपत्र करून घेतलं तर चौदा आणे तुमचे होतील आणि उरलेले दोन मुलीचेच आहेत, पण ते मागायला गेलात की ते विचारणारच, आई हे कशासाठी? तेव्हा काय ते तुम्ही ठरवा. मी असते तर हक्कसोड मागितली नसती, दहा आणे मुलीला लिहिले असते आणि त्यातच एक वाक्य टाकलं असतं की मुलग्यांनी आपले दोन-दोन आणे बहिणीला विकत द्यावेत अशी माझी इच्छा आहे. इच्छाच ती, बंधन नाही, पण आईच्या सहीखाली असलं की निदान एखादा मुलगा तरी जरा थांबतो.

बरं, आता नोटरी. विल नोटरी करावंच लागतं असं कुठल्याही कायद्यात नाही, आणि स्टॅम्पपेपरही लागत नाही, शंभरचाही नाही आणि पाचशेचाही नाही. साध्या फुलस्केपवर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं चालतं (शाळेतल्या बाईंचं अक्षर, कोर्टात वाचायलाही बरं). 1925 च्या सक्सेशन ॲक्टचं 63 वं कलम काय मागतं? तुमची सही, आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलंय किंवा तुम्ही त्यांना ‘ही माझी सही’ असं सांगितलंय, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही केलीये. दोघं एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असंही नाही, पण एकत्रच बसवा, उगाच फाटे नकोत. या दोन सह्या नसतील तर नोटरीचा गोल शिक्का, लाल स्टिकर, हिरवी शाई काहीही असलं तरी ते विल नाही, नुसता कागद आहे. आणि असे कागद मी पाहिलेत. कोर्टाबाहेर फोल्डिंगचं टेबल टाकून बसलेल्या माणसाकडे जायचं, तो जुन्या विलमधलं नाव बदलून प्रिंट काढतो, नोटरी शिक्का मारतो, आणि साक्षीदार? ‘त्याची काळजी नको हो, आपली पोरं आहेत’ म्हणून चहाच्या टपरीवरून दोघांना हाक मारतो. बरं, सह्या झाल्या, कायद्यानं विल झालंही. पण तुमच्यानंतर वाद झाला तर कोर्टात त्या दोघांपैकी निदान एकाला उभं करून सांगायला लावावं लागतं की हो, बाईंनी माझ्यासमोर सही केली. पूर्वीच्या एव्हिडन्स ॲक्टमध्ये हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून जो नवा साक्ष अधिनियम आलाय त्यातही आहे. पंधरा वर्षांनी ते टपरीवरचं पोरगं कुठून शोधून आणणार तुमची मुलगी?

नोटरी वाचतो का, तर वाचायला कुणी अडवत नाही, काही जण पानं चाळतात, बरेच जण ओळखपत्र आणि सहीची जागा एवढंच बघतात. त्याच्या रजिस्टरमध्ये तारीख, तुमचं नाव, कागद कसला ते आणि तुमची सही एवढं जातं, आतला मजकूर उतरवत नाहीत. नोटरीचा फायदा एकच, त्या तारखेला तुम्ही तिथे होतात आणि सही तुमचीच आहे एवढ्याला एक जादा आधार. करायचं तर करा, पण दोन साक्षीदारांच्या जागी नाही, त्यांच्या वर.

साक्षीदारांना मजकूर सांगायचा नाही, सांगावा लागतच नाही. ते तुमच्या सहीचे साक्षीदार आहेत, तुमच्या मनाचे नाहीत. मी क्लायंटना सांगते की पानावर वर्तमानपत्र आडवं ठेवा, फक्त सहीची जागा उघडी ठेवा, आणि म्हणा की हे माझं विल आहे, मी माझ्या मर्जीनं करतेय, सही करते बघा. झालं. फक्त माणसं नीट निवडा. तुमच्या वयाच्या मैत्रिणी नकोत, वीस वर्षांनी लहान बघा. तुमच्या मजल्यावरचे नकोत, लिफ्ट खाली पोचायच्या आत बातमी पोचते. इतकी वर्षं शिकवलंत तर एखादा जुना विद्यार्थी डॉक्टर झाला असेलच, तो मिळाला तर सोनं, साक्षीदारही तोच आणि ‘बाई पूर्ण शुद्धीत आहेत’ हे त्याच तारखेचं सर्टिफिकेटही त्याचंच. मुलगी साक्षीदार नको. हिंदूंच्या विलला यानं थेट बाध येत नाही, ख्रिश्चन-पारशी मंडळींच्या विलमध्ये मात्र साक्षीदाराला दिलेलं दानच रद्द होतं, पण तुमच्या बाबतीतही समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या. आणि नुसती साक्षीदारच नाही, तिनं त्या दिवशी तुमच्याबरोबर रिक्षात बसूनसुद्धा येऊ नये. ज्याला मिळणार त्यानंच वकील शोधला, त्यानंच टाइप करून आणलं, त्यानंच साक्षीदार बोलावले, असं दिसलं की कोर्ट संशयानं बघतं, सुप्रीम कोर्टाचा 1958 चा निकाल आहे, अजूनही प्रत्येक वादात तो निघतोच. म्हणजे गंमत बघा, तुम्हाला मुलांपासून लपवायचंय पण कायद्याच्या दृष्टीनं मुलीपासून लांब राहणं जास्त महत्त्वाचं.

मुलग्यांची नावं मात्र विलमध्ये येऊ द्या. ‘माझे दोन मुलगे अमुक आणि तमुक यांची स्वतःची घरं आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही, मुलीनं मला सांभाळलं आणि तिला दुसरा आसरा नाही म्हणून माझा हिस्सा तिला देते.’ बस. सुनेबद्दल एक अक्षर नको, मोह झाला तरी नको.

आता मुख्य, ठेवायचं कुठे. तीन रस्ते आहेत. पहिला, घरीच. दुसरा, सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करणं. विलला हे सक्तीचं नाही, पण मला विचाराल तर तुमच्यासाठी हाच. स्टॅम्प ड्युटी शून्य, फी अगदी किरकोळ, फोटो-अंगठा होतो, तुम्ही आणि दोन साक्षीदार एवढेच जायचं. आणि विलसाठी आपल्याच भागातलं ऑफिस पाहिजे असं नाही, कुठल्याही सब-रजिस्ट्रारकडे चालतं, म्हणजे गोरेगावात ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती असेल तर खुशाल लांब जा. मजकूर तिथे स्कॅन होतो हे खरं, पण तो जातो विलच्या वेगळ्या नोंदवहीत, पुस्तक क्रमांक 3 मध्ये, आणि 1908 च्या रजिस्ट्रेशन ॲक्टचं 57 वं कलम सांगतं की विल करणारा जिवंत आहे तोवर त्याची नक्कल फक्त त्यालाच किंवा त्याच्या अधिकृत माणसाला मिळते, इतरांना मृत्यूनंतर. फ्लॅटच्या खरेदीविक्रीची इंडेक्स टू (सौद्याचा सरकारी गोषवारा) कशी कुणीही ऑनलाइन काढून बघतं, तसं विलचं नाही.

तिसरा रस्ता फार कमी लोकांना माहितीये, आणि खरं गुप्त विल म्हणाल तर ते हेच. त्याच कायद्याच्या 42 व्या कलमाखाली विल पाकिटात घालून, सील करून, जिल्हा निबंधकाकडे ठेवायला देता येतं. सब-रजिस्ट्रार नाही, जिल्ह्याचा रजिस्ट्रार. पाकिटावर तुमचं नाव आणि आत काय आहे त्याचा उल्लेख, बस, आतलं तो बघतसुद्धा नाही. मी हे माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये एकदाच केलंय, एका रिटायर्ड डॉक्टर आजोबांसाठी. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून लाखेची कांडी आणली, मेणबत्तीवर धरून पाकिटाच्या तोंडावर पाच ठिकाणी पाडली, आणि आजोबांनी खिशातून त्यांच्या जुन्या दवाखान्याची पितळी मोहोर काढून एकेक ठसा असा दाबला की जणू औषधाची बाटलीच सील करतायत. तिथल्या कारकुनानं विचारलं, रजिस्टरच का नाही करत आजोबा? आजोबा म्हणाले, मला तुम्हालाही दाखवायचं नाहीये. मग त्यानं पाकिटावरचा मजकूर पुस्तक क्रमांक 5 मध्ये उतरवला, तारीख, किती वाजता दिलं ती वेळ, ओळख पटवणाऱ्यांची नावं, आणि चष्मा कपाळावर चढवून मोहोरेवरची अक्षरं पाकीट नाकाशी धरून वाचली, तीसुद्धा लिहिली, कायद्यात तसंच आहे. मग पाकीट अग्निरोधक पेटीत. आजोबांना कधीही ते परत मागता आलं असतं. ते गेले की कुणीतरी मृत्यूचा दाखला घेऊन अर्ज करायचा, निबंधक त्याच्यासमोर पाकीट उघडतो, अर्जदाराच्या खर्चानं मजकूर पुस्तकात उतरवून घेतो आणि मूळ विल परत जपून ठेवतो.

ऐकायला झकास वाटतं, पण दोन खड्डे आहेत. आत काय आहे ते कुणी बघत नाही, म्हणजे आत चूक असली तरी कुणी बघत नाही. साक्षीदार एकच असला, पान राहिलं, तारीख नाही, हे कळणार तुम्ही गेल्यावर, जेव्हा दुरुस्त करायला तुम्ही नाही. आणि दुसरं म्हणजे निबंधकाला काही रोज पेपरातल्या निधनवार्ता वाचायचं काम नाही. कुणी अर्ज केलाच नाही तर ते पाकीट पेटीत तसंच.

म्हणून, बाई, मजकूर लपवा, पण विल आहे ही गोष्ट एका माणसाला तरी माहीत असू द्या. यात माझं घरचं दुखणं आहे म्हणून सांगते. माझ्या मामांनी गिरगावात असंच कुणाला न सांगता विल केलं, दोन साक्षीदार, सगळं व्यवस्थित, आणि पाकीट ठेवलं एका जुन्या दिवाळी अंकात. मूलबाळ नव्हतं, मामी आणि मामांची विधवा बहीण, म्हणजे माझी मावशी, त्यांच्याकडेच राहायची. मामा गेले, तेराव्याला माणसं येणार म्हणून आम्हीच भाच्यांनी घर आवरलं आणि रद्दी काढली, चार गठ्ठे, मी स्वतः खाली नेऊन दिले. नंतर त्यांचे एक मित्र भेटायला आले आणि चहा घेता घेता म्हणाले, ते विल मिळालं ना, मी सही केली होती त्यावर. रद्दीवाल्याकडे धावलो, गठ्ठे केव्हाच पुढे गेले होते. आत काय होतं ते मित्रालाही माहीत नव्हतं, वर्तमानपत्र आडवं ठेवलं होतं ना. मामा मला एकदा बोलता बोलता म्हणाले होते की ताईची सोय मी करून ठेवलीये. कायद्यानं सगळं मामींचं झालं. मामी वाईट नव्हत्या, त्यांनी मावशीला कधी जा म्हटलं नाही. पण मावशी शेवटपर्यंत त्या घरात फ्रिज उघडायच्या आधी विचारायची, उघडू का?

तर रजिस्टर झालं की मूळ विल आणि पावती एका जाड पाकिटात घाला, आणि एक्झिक्युटर (तुमच्यामागे विल अमलात आणणारा माणूस) नेमा, मुलगी सोडून दुसरं कुणी विश्वासू, भाचा, जुनी सहकारी, वकील कुणीही, आणि त्याला एवढंच सांगा की माझं विल आहे, अमुक ऑफिसात अमुक साली नोंदवलंय. आत काय ते नाही. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर तुमच्या एकटीच्या नावावर असेल तर तुमच्यानंतर तो उघडून घेण्यातच महिने जातात, आणि तोवर कुणाला पत्ता नाही की आत विल आहे.

प्रोबेटबद्दल तुम्ही विचारलं नाही पण कुणीतरी घाबरवेलच म्हणून. मुंबईत आजवर हिंदूंच्या विलला हायकोर्टाचं प्रोबेट घ्यावंच लागायचं, वेळखाऊ आणि खर्चिक काम. ते ज्या 213 व्या कलमामुळे होतं ते कलम संसदेनं 2025 च्या डिसेंबरमध्ये काढून टाकलं. म्हणजे सक्ती गेली. सोसायट्यांचे सेक्रेटरी अजून काही वर्षं ‘प्रोबेट आणा’ म्हणतील ती सवय आहे, आणि मुलग्यांनी हरकत घेतलीच तर मुलीनं आपणहून प्रोबेट घेतलेलं बरं. फोनवर व्हिडिओ करून ठेवायचाय तर ठेवा, मदत होते, पण त्यानं सह्यांचं काम होत नाही.

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत दीडशे फुटांची पागडीची खोली आहे, भाडेपावती अजून माझ्या नावानं फाटते. मी अविवाहित, 68. बहिणीचा मुलगा पुण्यात असतो, खोली त्याला मिळावी असं विल गुपचूप करून ठेवलंय, नोटरीही केलीये. चाळ रिडेव्हलपमेंटला जायची चर्चा आहे. मालकाला आत्ता दाखवावं का?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर : दाखवू नका, कारण दाखवण्यासारखं त्यात काही नाही. पागडी दिली असली तरी खोलीचे मालक तुम्ही नाही, भाडेकरू आहात, आणि भाडेकरूचा हक्क असा विलनं तिसऱ्याला देता येत नाही. जुन्या मुंबई भाडे कायद्याच्या प्रकरणांमध्ये सुप्रीम कोर्टानं हे 1986 ला सांगितलं आणि 1994 ला परत सांगितलं. भाडेकरू गेला की हक्क कुणाला हे भाडे नियंत्रण कायदाच ठरवतो, आधी बघतात मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारं कुटुंबातलं माणूस, तसं कुणी नसेल तर वारसांपैकी आपसात ठरेल तो, नाही ठरलं तर कोर्ट सांगेल तो. पुण्यातला भाचा महिन्यातून एकदा येऊन आंबा बर्फी देऊन जातो त्याला ‘बरोबर राहणं’ म्हणत नाहीत. तुमची बहीण हयात असेल तर वारस म्हणून आधी ती येते. मालकाशी बोलायचंच तर भाच्याचं नाव तुमच्या हयातीत भाडेपावतीवर घ्यायला तो तयार होतो का ते विचारा, पैसे मागेल, पण जे होईल ते कागदावर होईल. बँकेतल्या एफडी, दागिने, पुस्तकं यांचं विल मात्र चालतं, तेवढ्यासाठी ते फाडू नका, खोलीचा परिच्छेद काढून नवीन करा. पेनानं खोडू नका, विलमधली खाडाखोड परत दोन साक्षीदारांच्या सह्या असतील तरच धरतात.

प्रश्न : आमचे सासरे मूळ म्हापशाचे, नोकरीची बरीच वर्षं मुंबईत, बोरिवलीत फ्लॅट, आता परत गोव्यातच राहतात. ते म्हणतात आमच्याकडे नोटरीकडे बंद पाकिटातलं विल होतं, मुंबईचा फ्लॅट मी त्यात कुणालाही लिहीन. हे खरं का?
(एक वाचक, बोरिवली)

उत्तर : अर्धं खरं. गोव्याचं वेगळंच आहे, पोर्तुगीज काळच्या सिव्हिल कोडमधून आलेलं आणि आता 2012 च्या त्यांच्या वारसा कायद्यात बसवलेलं. तिथे विल स्पेशल नोटरीसमोर होतं, उघडं किंवा बंद. हा स्पेशल नोटरी म्हणजे सरकारी अधिकारी, आपल्याकडचा कोर्टाबाहेरचा नोटरी नव्हे, त्यामुळे ‘गोव्यात नोटरी चालते मग मुंबईत का नाही’ असं म्हणून उपयोग नाही. पण ‘कुणालाही लिहीन’ हे चुकीचं. त्या कायद्यात मुलाबाळांचा निम्मा हिस्सा राखीव असतो, विलनं उरलेला निम्माच देता येतो. आणि 2019 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माणूस गोव्याचा अधिवासी (कायद्याच्या दृष्टीनं कायमचा गोव्याचा) असेल तर त्याच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच नियम, तो वादसुद्धा मुंबईतल्याच प्रॉपर्टीचा होता. म्हणजे बोरिवलीचा फ्लॅटही यात आला. सासऱ्यांचा अधिवास नक्की कुठला धरायचा हा खरा प्रश्न आहे, तो म्हापशातल्याच एखाद्या वकिलाकडे जाऊन सोडवून घ्या, माझ्यासारखी मुंबईकर वकील यात कच्ची.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी रजिस्टर केलेलं विल रागानं फाडलं. माझ्यासमोर नाही, मुलाला फोन करून सांगितलं की कपाटातलं ते फाडून टाक, त्यानं फाडलं. रद्द झालं ना?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही झालं. फाडायचं तर स्वतः फाडायचं, किंवा दुसऱ्यानं तुमच्या सांगण्यावरून तुमच्या डोळ्यांसमोर फाडायचं, फोनवरून होत नाही. शिवाय रजिस्टर केलेल्याची प्रत ऑफिसात आहेच, त्यामुळे नुसत्या फाडाफाडीच्या भरवशावर राहूच नका. साध्या कागदावर लिहा की अमुक तारखेला अमुक नंबरानं नोंदवलेलं माझं विल मी रद्द करते, खाली सही, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि जमलं तर तेही रजिस्टर करा. नवीन विल करणार असाल तर त्याच्या पहिल्याच ओळीत हे लिहिलं तरी चालतं. आणि मुलानं खरंच फाडलं का, ते एकदा कपाट उघडून बघा.